वाळवंटातील नगरे आणि न दिसणारे पाणी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात छायाचित्रांसह दिलेले व्याख्यान)



‘इराणच्या प्रवासाची छायाचित्रे यंदाच्या संमेलनात दाखवावीत आणि सोबत चार शब्द सांगावेत’, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी केली, तेव्हा आम्हांस जितका आनंद झाला तितकाच संकोचही वाटला. आनंद अशासाठी की, पाहिलेले चार जणांना सांगितल्यावाचून प्रवास पुरा होत नाही. संकोच अशासाठी की, आम्ही इतिहासाचे किंवा वास्तुशास्त्राचे पंडित नव्हे. सेवानिवृत्तीनंतर सवड मिळाली, प्रकृतीने साथ दिली, म्हणून आम्ही उभयता आणि आमचे दोन स्नेही ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या देशी जाऊन आलो, इतकाच आमचा अधिकार. तेहरानहून निघून काशान, इस्फहान, नाईन, यझ्द, कर्मान आणि माहान अशी मजल-दरमजल आम्ही मोटारीने केली. त्या वाटेवरची निवडक चित्रे आज आपणांपुढे मांडीत आहोत.

पूर्वी यात्रेकरू घरी परतला म्हणजे त्याची पोतडी उघडत असे आणि मग आठवडाभर ओटीवर त्याच्या गोष्टी चालत. आता भ्रमणध्वनीच्या कृपेने पोतडी रोजच्या रोज उघडते. मुक्कामावर पोहोचलो, हातपाय धुतले, चहा झाला की आम्ही दिवसभराची चित्रे घरी पाठवीत असू. आणि पुण्या-ठाण्याची व परदेशी असलेली आमची मुलेबाळे लगोलग अभिप्राय कळवीत. कोणास निळे घुमट आवडले, कोणास गालिचे आवडले, कोणी डाळिंबांचा भाव विचारला. परंतु आमच्या आत्याबाईंचे सारे आयुष्य माण तालुक्यातील एका दुष्काळी गावात गेलेले. त्यांनी तिसऱ्या रात्री एकच प्रश्न पाठविला : “बाग दाखविलीत, हौद दाखविलेत, कारंजी दाखविलीत. पण नदी कुठे दिसेना. मग हे पाणी येते तरी कुठून?”

जिने उन्हाळ्यातून कोसभर घागरी वाहिल्या, तिलाच हा प्रश्न सुचावा यात नवल नाही. तोवर आम्ही चौघेही जे डोळ्यांना दिसते त्याचेच चित्र घेत होतो. पुढचा सारा प्रवास मात्र त्या प्रश्नाच्या मागोमाग झाला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. आजच्या चित्रांची जुळणीही आम्ही त्याच क्रमाने केली आहे.

प्रथम भूगोल थोडा ध्यानी घ्यावा. इराणचा मध्यभाग म्हणजे डोंगरांनी वेढलेले एक उंच पठार आहे. त्याच्या पोटात दोन मोठी वाळवंटे आहेत : उत्तरेस दश्त-ए-कवीर हे खारवट मातीचे, आणि आग्नेयेस दश्त-ए-लूत. ही नगरे वाळवंटाच्या मध्यावर नाहीत. ती त्याच्या काठाने, डोंगराचा पायथा धरून, माळेतील मण्यांसारखी वसलेली आहेत. यझ्द शहरात वर्षाकाठी पन्नास ते साठ मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या पुण्यात सातशेच्या आसपास पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे तेथील वर्षभराचा पाऊस आपल्याकडच्या एका जोरदार दिवसात कसा उरकतो, ते कळेल. तथापि यझ्दच्या नैर्ऋत्येस चार हजार मीटरहून उंच असा शीरकूह पर्वत उभा आहे. त्याच्या माथ्यावर हिवाळ्यात बर्फ पडते. हे बर्फच त्या नगरीचे खरे धन होय.

आता पहिले चित्र पाहावे. हा काशान येथील फीनचा बाग. उंच मातीच्या भिंती, त्यांच्या आत जुन्या सरूवृक्षांच्या रांगा, आणि त्यांमधून वाहणारे निळ्या फरशीचे पाट. पाटांतून ओळीने कारंजी उडत आहेत. या बागेस सध्याचे रूप मुख्यतः शाह अब्बास पहिला याच्या काळी आले. बागेमागच्या उंचवट्यावर सुलेमानिया नावाचा झरा आहे. त्याचे पाणी वरच्या हौदात साठते आणि केवळ उंचीतील फरकाच्या जोरावर ही सारी कारंजी उडतात. पंप नाही की यंत्र नाही. निळी फरशीही शोभेपुरती नव्हे. तिच्यामुळे वीतभर पाणी खोल आणि गार भासते. ज्या मुलखात पाणी थोडे, तेथे ते डोळ्यांनाही पुरवून द्यावे लागते.

याच बागेच्या हमामखान्यात १८५२ च्या जानेवारीत अमीर कबीर याचा बादशहाच्या हुकुमाने वध झाला. हा इराणचा थोर प्रधान. तेहरानची दारुल्‌फुनून ही आधुनिक विद्येची पहिली पाठशाळा त्याच्याच खटपटीने १८५१ मध्ये उघडली. तेथे येणारी शाळकरी मुले कारंज्यांपाशी खेळतात आणि हमामखान्याच्या दाराशी आली की गप्प होतात, हे आम्ही पाहिले.

दुसरे चित्र काशानमधील तबातबाई घराण्याच्या वाड्याचे. एकोणिसाव्या शतकातील गालिच्यांच्या व्यापाऱ्याचा हा वाडा रस्त्यावरून पाहिल्यास साधी मातीची भिंत दिसते. आत गेल्यावर मात्र चौक, त्यात हौद, भोवताली दालने आणि रंगीत काचांची तावदाने. चौक रस्त्याच्या पातळीहून बराच खाली आहे. खाली उतरावे तसा गारवा वाढतो, आणि पाणीही जवळ येते. आपल्या जुन्या वाड्यांत वाढलेल्या मंडळींना या घरात परकेपणा वाटणार नाही. चौक, दालन, हौद, दिवाणखाना हे शब्द उच्चारले की तेथील राखणदारही माना डोलावीत. दालन, हौद आणि दिवाण हे शब्द आपल्या भाषेत फारसीच्या वाटेनेच आले. पाण्याशी निगडित असा आपला ‘आबदारखाना’ही तिकडचाच, ‘आब’ म्हणजे पाणी.

काशानहून आम्ही इस्फहानास गेलो. पुढचे चित्र नक्श-ए-जहान चौकाचे आहे. सुमारे ५६० मीटर लांब आणि १६० मीटर रुंद असा हा चौक शाह अब्बासाने सतराव्या शतकाच्या आरंभी रचविला, आणि १९७९ मध्ये त्याची गणना जागतिक वारशात झाली. त्याचे वर्णन आजवर इतक्यांनी केले आहे की, आम्ही त्यात भर घालू नये हेच बरे. आपण त्या पुढचे चित्र पाहावे. हा तेहतीस कमानींचा पूल, सी-ओ-से-पोल. अल्लाहवर्दी खान या सेनापतीच्या देखरेखीखाली तो सुमारे १६०० साली उभा राहिला. खाली जायंदेरूद नदी. या नावाचा अर्थ ‘जीवन देणारी नदी’ असा सांगतात. चित्रात आपणांस पूल दिसतो, कमानी दिसतात. नदी मात्र दिसत नाही. कारण तिच्या पात्रात पाणीच नव्हते. भेगाळलेल्या मातीवरून लोक या काठावरून त्या काठावर चालत जात होते. मुले चेंडू खेळत होती. संध्याकाळी खाजू पुलाच्या कमानींखाली वृद्ध मंडळी जमून गात होती. कोरड्या पात्रावर त्यांचे सूर घुमत. ती गाणी आम्हांस कळली नाहीत. परंतु ऐकणाऱ्या एका गृहस्थांनी पात्राकडे हात करून दोन बोटांनी डोळा पुसल्याची खूण केली, ती कळली. या नदीकडे आपण शेवटी पुन्हा वळणार आहोत.

इस्फहानहून पूर्वेस निघाल्यावर झाडी विरळ होत जाते आणि नाईन गावाच्या पुढे ती संपतेच. या वाटेवर मोटारीतून घेतलेले हे चित्र काहीसे धूसर आले आहे. परंतु सर्व चित्रांत आम्हांस तेच अधिक मोलाचे वाटते. उघड्या माळावर डोंगराकडून गावाकडे एका ओळीत मातीची वर्तुळे चाललेली दिसतात. मोठ्या वारुळांचा माथा दाबून मध्ये भोक पाडावे तशी. आमच्या स्नेह्यांना वाटले, उल्का पडून झालेले खळगे असतील. चालक हसला आणि म्हणाला, “कनात.” आपल्या भाषेत कनात म्हणजे तंबूची कापडी भिंत. ही कनात निराळी. हिलाच कारेझ असेही म्हणतात. आत्याबाईंच्या प्रश्नाचे उत्तर त्या खळग्यांच्या तळाशी वाहत होते.

यझ्दला पोहोचलो तेव्हा तिन्हीसांज होती. हे चित्र गच्चीवरून घेतलेले आहे. सारे गाव एका रंगाचे, कच्च्या विटा आणि गवत मिसळलेल्या मातीच्या गिलाव्याचे. आणि त्यांतून वर आलेले चौकोनी मनोरे. हे बादगीर, म्हणजे वारा धरणारे. मनोऱ्याच्या माथ्यावरील फटींतून वारा आत शिरतो, उभ्या पडद्यांमधून खाली उतरतो आणि खालच्या पाण्याच्या हौदावरून जाताना गार होऊन दालनात पसरतो. वारा पडलेला असेल तर आतील तापलेली हवा त्याच वाटेने वर निघून जाते. दौलताबाद बागेतील अठराव्या शतकातला बादगीर सुमारे तेहतीस मीटर उंच आहे. त्याच्याखाली भर दुपारी उभे राहिलो तेव्हा उपरण्याचा पदर हलत होता. जुन्या यझ्द नगरीचा समावेश जागतिक वारशात २०१७ मध्ये झाला.

गल्ल्या अरुंद, काही ठिकाणी वरून कमानींनी झाकलेल्या, म्हणजे उन्हाचा ताप माथ्यावर येऊ नये. जुन्या दारांवर दोन वेगळ्या आकारांच्या कड्या असतात : पुरुष पाहुण्याने एक वाजवावी, स्त्रीने दुसरी. आवाजावरून घरात कोणी पुढे व्हावयाचे ते ठरे. आणि हे चित्र आब-अंबाराचे. जमिनीखाली विटांचे टाके, वर घुमट, भोवती बादगीर. येथे सहा बादगीर आहेत. टाक्यातील पाणी नासू नये म्हणून वारा सतत खेळता ठेवण्याची ही युक्ती. हिवाळ्यात भरून ठेवलेले पाणी उन्हाळ्यात मोहल्ल्यातील लोक पायऱ्या उतरून नेत. अशी टाकी धनिकांनी पुण्यार्थ बांधून दिलेली असत, जशा आपल्याकडे पाणपोया आणि बारवा.

परंतु टाके भरावयाचे ते कशाने? याचे उत्तर यझ्दच्या पाणी-संग्रहालयात मिळाले. एका जुन्या व्यापाऱ्याच्या वाड्यात हे संग्रहालय आहे. जिना उतरून तळघरात गेलो आणि प्रथमच वाहत्या पाण्याचा आवाज ऐकू आला.

कनातीची रचना सांगावयास सोपी आहे आणि करावयास महाकठीण. डोंगराच्या पायथ्याशी, जेथे बर्फाचे पाणी जमिनीत मुरलेले असते, तेथे एक खोल विहीर खणतात. तिला मादर-चाह, म्हणजे माता-विहीर म्हणतात. तिच्या तळापासून गावापर्यंत एक बोगदा काढावयाचा, आणि त्यास अगदी अल्प उतार द्यावयाचा. उतार अधिक झाला तर पाणी बोगद्याचा तळ कोरून काढते. कमी झाला तर गाळ साचतो. बोगद्यातील माती वर काढण्यासाठी आणि आत हवा जाण्यासाठी ठरावीक अंतराने उभ्या विहिरी. माळावर दिसलेली ती वर्तुळे म्हणजे या विहिरींची तोंडे. पाणी स्वतःच्या वजनाने मैलोगणती चालत येते आणि उन्हाला न दिसता गावात प्रकट होते. वर आणले असते तर वाटेतच आटले असते.

हे खोदकाम करणाऱ्यास मुकन्नी म्हणतात. बापाकडून मुलाकडे जाणारा हा धंदा. कुदळ, रहाट, चामड्याचा पोहरा आणि दिवा एवढीच सामग्री. मागे ठेवलेल्या दोन दिव्यांच्या रेषेवरून बोगदा सरळ चालला की नाही ते पाहावयाचे. ज्योत मंदावली तर हवा विषारी झाली असे समजून मागे फिरावयाचे. माती ढासळणारी असेल तेथे भाजलेल्या मातीची अंडाकृती कडी बसवीत जावयाचे. मुकन्नी पांढरी वस्त्रे घालून उतरत. अंधारात माणूस दिसावा हे एक कारण. दुसरे असे सांगतात की, दरड कोसळलीच तर तेच कफन व्हावे. संग्रहालयातील त्या पांढऱ्या अंगरख्यासमोर आम्ही बराच वेळ उभे होतो. वरच्या बागा, वरचे बादगीर, वरची रंगीत तावदाने यांचा पाया तो अंगरखा होता.

यझ्दची झार्च नावाची कनात सत्तर किलोमीटरहून लांब असून तिला दोन हजारांवर विहिरी आहेत. शहरातील जुन्या जामे मशिदीच्या आवारात तिच्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. या मशिदीचे निळे मिनार सुमारे पन्नास मीटर उंच आहेत. येणारा प्रत्येक प्रवासी मान वर करून त्यांचे चित्र घेतो, आम्हीही घेतले. मग पायऱ्या उतरून खालचेही घेतले. ते पडद्यावर आहे. त्यात काळोखाखेरीज काही दिसत नाही. हे चित्र आम्ही घरी पाठविले तेव्हा नातवाने विचारले की, कॅमेरा बिघडला काय? आम्ही कळविले, “याच काळोखावर हे शहर उभे आहे.” इराणमधील अकरा कनातींचा समावेश २०१६ मध्ये जागतिक वारशात झाला. त्यांत झार्च आहे, आणि खोरासान भागातील गोनाबादचीही आहे, जिची माता-विहीर तीनशे मीटरहून खोल आहे.

याहूनही नवलाची गोष्ट वाटपाची. इतक्या कष्टाने आलेले पाणी कोणाचे? तर ज्यांचा त्यात भाग आहे त्या सर्वांचे. जमिनीचे वाटे असतात तसे पाण्याचे वाटे असत. ते विकता येत, वारसाने मिळत, धर्मादायही करता येत. आणि त्यांचे माप पाण्याच्या खोलीत नव्हे तर वेळेत असे. अमक्याच्या शेतास पाणी किती वेळ, हे ठरविण्यासाठी मोठ्या भांड्यातील पाण्यावर तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडीत. ती भरून बुडाली की एक माप झाले. मीराब हा अधिकारी मापे मोजी आणि पाट वळवी. भगिनींनो, हे वर्णन ऐकून आपणांस काही आठवले काय? हे आपले घटिकापात्रच होय. लग्नमुहूर्त साधण्यासाठी आपल्या आज्या-पणज्यांच्या लग्नात घंगाळात सोडीत ती हीच वाटी. आपल्याकडे तिने लग्ने लावली, तिकडे तिने शेते भिजविली. रात्री-अपरात्री त्या वाटीजवळ जागत बसलेल्या मीराबावर साऱ्या गावाचा विश्वास असे. तो डळमळला तर सकाळी कुऱ्हाडी निघाल्या असत्या.

यझ्दला दुसरे एक दर्शन घडले, त्याचा आपल्या मुंबईशी जवळचा संबंध आहे. हे चित्र तेथील आतश बेहेरामचे, म्हणजे अग्निमंदिराचे. काचेपलीकडे जो अग्नी दिसतो तो इसवी सन ४७० पासून अखंड जपला गेला, असे तेथील जरथुष्ट्री समाज सांगतो. इमारत मात्र १९३४ ची, आणि तिला पैसा मुंबईच्या पारशी बांधवांनी पुरविला. त्याआधी १८५४ मध्ये मुंबईच्या पारशी समाजाने माणेकजी लिमजी हातरिया या गृहस्थांस आपल्या मागे राहिलेल्या धर्मबंधूंचे हाल कमी करण्यासाठी इराणास धाडले. त्यांनी तेथे शाळा काढल्या, दरबारी खेटे घातले, आणि १८८२ मध्ये जिझिया कर रद्द करवून घेतला. हजार वर्षांपूर्वी वेगळे झालेले आप्त, पण त्यांची आठवण ठेवून एका मंडळाने वर्गणी गोळा केली आणि माणूस पाठविला. आपण सारे मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या फाडणारी माणसे. या गोष्टीचे मोल आपणांस निराळे सांगावयास नको. पुढे याच यझ्द-कर्मानकडील कुटुंबे मुंबई-पुण्यास आली, आणि त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यावर जी उपाहारगृहे थाटली त्यांतील ब्रून-मस्का आणि चहा आपल्यापैकी कितीकांच्या विद्यार्थिदशेचा आधार झाला.

शेवटचा टप्पा कर्मान आणि त्यापुढील माहान. माहानचा शाहजादा बाग हे आमच्या मते सर्व चित्रांत सुंदर चित्र आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील हा बाग उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी रचलेला आहे, आणि मधोमध पाणी धबधब्यांनी खाली उतरते. परंतु दुसरे चित्र भिंतीबाहेरून घेतलेले पाहावे. भिंतीच्या आत हिरवे, भिंतीच्या बाहेर पिवळे, आणि दोहोंमध्ये हातभर जाडीची माती. हे पाणीही जुपार पर्वताकडून कनातीनेच येते.

माहानलाच शाह नेमतुल्ला वली या सूफी संताची समाधी आहे. तिचा मूळ भाग पंधराव्या शतकात कोणी बांधविला, हे ऐकून आम्ही चकित झालो. बांधविणारा आपल्या दख्खनचा बहामनी सुलतान अहमदशाह! बीदरच्या या राजाची त्या संतावर निष्ठा होती. संताचे वंशज पुढे बीदरास येऊन राहिले. माणसे आली, श्रद्धा आली, तशी कनातही आली. बीदरजवळ नौबाद येथे बहामनी काळातील कारेझ आहे, आणि अलीकडे तिचा गाळ काढण्यात आला. सतराव्या शतकात मलिक अंबराने खडकीस, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस, आजच्या छत्रपती संभाजीनगरास, भूमिगत नहर आणली, आणि तिने पिढ्यान्‌पिढ्या त्या शहराची तहान भागविली. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडाराही याच जातीचा. आणि पुणेकरांस सांगावयाचे तर, नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावातून बांधीव भुयाराने शनिवारवाड्यापर्यंत आणलेले पाणी, त्यावरील उच्छ्वास आणि पेठापेठांतील हौद, ही त्याच विचाराची आपली बहीण. तेथे पाणी तलावाचे, येथे भूगर्भाचे, एवढाच भेद.

आता जायंदेरूदकडे वळतो. इतकी शतके चाललेली ही व्यवस्था आज अडचणीत आहे. इराणात अद्यापि तीस हजारांहून अधिक कनाती मोजल्या जातात. परंतु त्यांतील पुष्कळ क्षीण झाल्या आहेत किंवा आटल्या आहेत. कारण सरळ आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर खोल विहिरी आणि पंप आले. १९६२ नंतरच्या जमीन-सुधारणांनी कुळांना जमिनी मिळाल्या, हे चांगले झाले. परंतु कनातींची डागडुजी ज्यांच्या माथी होती ती जुनी घडी मोडली आणि नवी बसली नाही. ज्याने त्याने आपापल्या शेतात विहीर घेतली. कनात निसर्ग देईल तेवढेच घेते. पाणी घटले की तिचा प्रवाह आपोआप बारीक होतो आणि गावास वेळेवर इशारा मिळतो. पंप असा इशारा देत नाही. तो अधिक खोल जातो. शेजाऱ्याचा पंप खोल गेला की आपला त्याहून खोल. अशा रीतीने माता-विहीर कोरडी पडते, आणि तिच्यावर अवलंबून असलेले सारे गाव. भूगर्भातील पाणी उपसल्याने जमीनच खचू लागली आहे. इस्फहान, यझ्द आणि तेहरानच्या मैदानांत हे घडत आहे.

यझ्दची तहान वाढली म्हणून गेल्या काही दशकांत जायंदेरूदचे पाणी नळाने यझ्दकडे नेण्यात आले. इकडे इस्फहानच्या पूर्वेकडील शेतकऱ्यांची शेते वाळली. त्यांनी ही नळवाहिनी एकाहून अधिक वेळा फोडली. नोव्हेंबर २०२१ मध्ये हजारो शेतकरी आणि नागरिक खाजू पुलाजवळ त्या कोरड्या पात्रात येऊन बसले. पुढे पोलिसी बळाने त्यांस हटविण्यात आले. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात पाऊस न आल्यास राजधानी तेहरान रिकामी करावी लागेल, असा इशारा देण्याची पाळी राष्ट्राध्यक्षांवर आली. एका वाटीच्या मापावर जेथे शतकानुशतके समेट टिकला, तेथे आज शहर विरुद्ध शहर उभे आहे. आम्ही त्या देशाच्या राजकारणात शिरत नाही; तो आमचा अधिकार नाही. आमच्यापुरते सांगतो की, यझ्दच्या चहाच्या दुकानातील वृद्धांनी आणि इस्फहानच्या पुलाखालील वृद्धांनी आम्हांस एकाच मायेने चहा पाजला, आणि दोघांनीही पाण्याचे नाव काढले.

हे सारे परक्याचे दुःख म्हणून ऐकावे, असे मात्र नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ही गोष्ट आपणांपैकी सर्वांस आठवत असेल. आपल्या गावोगावी कूपनलिका दरवर्षी खोल चालल्या आहेत, आणि ज्याच्या घरी पैसा त्याची नलिका अधिक खोल. शेजारीच असलेली जुनी बारव मात्र कचऱ्याने भरली आहे. ती सर्वांची आहे, म्हणून कोणाचीच राहिली नाही. कनातीचा इतिहास हेच सांगतो की, अशी सामायिक वस्तू एका दिवसात मोडत नाही. ज्या वर्षी गाळ काढण्याची पाळी चुकते, त्या वर्षीच तिचा शेवट सुरू होतो. तो दिसावयास मात्र एक पिढी जाते.

म्हणून मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवून आम्ही हे व्याख्यान संपवितो. आपल्या मंडळातील कुटुंबे दरसाल आपापल्या कुलदैवताच्या दर्शनास जातात. बहुतेक स्थानी एखादी बारव, टाके किंवा कुंड आहेच. पुढील वर्षी अभिषेक आणि महाप्रसाद झाल्यावर एक दिवस मुक्काम वाढवावा, गावकऱ्यांस विचारून, त्यांच्याच सोबतीने, त्या बारवेचा गाळ काढावा. आणि दरवर्षी त्याच दिवशी काढीत जावा. तरुणांनी कुदळी घ्याव्यात, स्त्रियांनी हिशेब ठेवावा, आमच्यासारख्यांनी वर बसून घटिकापात्र मोजावे. त्या कामाची छायाचित्रे पुढील स्मरणिकेत छापली गेली, तर आजच्या या चित्रांहून ती अधिक पाहण्याजोगी होतील.